नाथसागर आणि उभ्याने वल्हवायची फळी

पॅडलबोर्ड ही साधारण सव्वातीन मीटर लांब, 80 सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड अशी तरंगती फळी असते, आणि तिच्यावर उभे राहून एकाच पात्याच्या लांब वल्ह्याने पाणी मागे सारत पुढे जाण्याच्या प्रकाराला ‘स्टँड अप पॅडलिंग’ म्हणतात. पाण्यावरच्या इतर खेळांच्या मानाने हा प्रकार नवशिक्याला लवकर जमतो असे सांगितले जाते आणि ते बरेचसे खरेही आहे. मात्र त्यामागे पाणी शांत असण्याची अट गृहीत धरलेली असते. अमुक तलाव शांत, तमुक खाडी शांत, अशा भाषेत ही अट मांडली की शांतता हा त्या जागेचा जन्मजात गुण असल्याचा समज होतो. वास्तविक एकच जलाशय सकाळी सात वाजता नवशिक्याला झेपेल असा असतो आणि अकरा वाजता मुरलेल्या नावाड्यालाही किनाऱ्याची वाट धरायला लावतो. ही तफावत कशामुळे पडते हे पाहण्यासाठी पैठणच्या नाथसागराइतके बोलके पाणी मराठवाड्यात दुसरे नाही.

गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या, मुख्यतः मातीच्या या धरणाला 27 दरवाजे असून त्याच्या जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. एकूण साठवणक्षमता 102 टीएमसीहून अधिक, म्हणजे 102 अब्ज घनफुटांहून जास्त आहे, आणि पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 1522 फुटांवर असते. या आकड्यांपेक्षा प्रस्तुत विषयाला महत्त्वाची बाब ही की, सह्याद्रीच्या कुशीतल्या कोयना किंवा भंडारदऱ्यासारखे हे खोल दरीत कोंडलेले पाणी नाही. गोदावरीच्या सपाट खोऱ्यात ते पसरले आहे, त्यामुळे ते फार रुंद, फार लांब आणि त्या मानाने उथळ आहे. भोवती वारा अडवील असा डोंगर नाही. धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्व टोकाला पैठणपाशी आहे आणि पाण्याचा फुगवटा तेथून पश्चिमेकडे व वायव्येकडे, कायगाव टोक्याच्या प्रवरासंगमाच्याही पलीकडे जातो. ही दिशा लक्षात ठेवावी, कारण वाऱ्याचा सारा हिशेब तिच्यावर बेतलेला आहे.

फळीवर तोल सांभाळत पाणी कापणे ही या भागाला अगदीच नवी गोष्ट नाही. नाथसागरावर मासेमारी करणाऱ्या कहार आणि भोई समाजांतील माणसे होड्यांबरोबरच थर्माकोलचे तुकडे बांधून केलेल्या तराफ्यांवरही जाळी टाकतात. अशा लहान साधनाला बोलीत ‘चप्पू’ म्हणतात. गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील काही मुले धरणाच्या फुगवट्याचे पाणी थर्माकोलच्या फळ्यांवर बसून, हाताशी येईल त्या वल्ह्याने ओलांडत शाळेत जातात, ही बातमी 2023 मध्ये देशभर पोचली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. आज हौसेचा म्हणून ओळखला जाणारा प्रकार हवाई बेटांवरून आला; विसाव्या शतकाच्या मध्यास वायकीकी किनाऱ्यावरील लाट-शिक्षक शिष्यांवर नजर ठेवता यावी म्हणून फळीवर उभे राहून वल्हे मारीत, आणि 2000 नंतर लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नामांकित लाटस्वारांमुळे तो जगभर पसरला. भारतात कर्नाटकची किनारपट्टी आणि गोव्यातील नद्यांची मुखे येथे तो विशेष रुजला असून, मार्च 2024 मध्ये मंगळूरजवळच्या ससिहित्लू येथे आंतरराष्ट्रीय दर्जाची स्पर्धाही झाली. भिवधानोऱ्याची मुले आणि गोव्यातील पर्यटक ज्या नियमांवर तरंगतात ते नियम एकच आहेत. फरक आहे तो लाइफ जॅकेटचा, आणि तो फरक लाजिरवाणा आहे.

हे नियम थोडक्यात असे. पाण्यात बुडालेल्या भागाने जेवढे पाणी बाजूला सारले जाते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल वस्तूला वर ढकलते. नवशिक्यांना दिल्या जाणाऱ्या फळीचे घनफळ 280 ते 300 लिटर आणि वजन दहा किलोच्या आत असते. 70 किलोचा माणूस तिच्यावर चढला तर सुमारे 80 लिटर पाणी बाजूला सारले की भार तोलला जातो आणि फळी जेमतेम चार सेंटिमीटर बुडते. तरंगण्याची काळजी करण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. काळजी असते ती कलंडण्याची. माणूस उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचे सारे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, पाण्याच्या पृष्ठभागापासून जवळजवळ मीटरभर उंच जातो. फळी एका बाजूला कलली की त्या बाजूचा अधिक भाग बुडतो, तेथील प्लावक बल वाढते आणि फळीला पुन्हा सरळ करू पाहते. रुंद परात पाण्यावर निवांत राहते आणि उभा तांब्या कलंडतो, त्याचे कारण हेच. सरळ करणारा हा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: 71 सेंटिमीटर रुंदीच्या शर्यतीच्या फळीपेक्षा 81 सेंटिमीटरची फळी दिसायला थोडीच रुंद असली तरी जवळजवळ दीडपट स्थिर असते. पहिल्या दिवशी निमुळती, डौलदार फळी मागणाऱ्याला जाणता मार्गदर्शक ती देत नाही, तो यासाठी.

सहलींना वापरल्या जाणाऱ्या फळ्या बहुधा फुगवत्या असतात. पीव्हीसीचे दोन थर आत हजारो बारीक धाग्यांनी एकमेकांना बांधलेले असल्यामुळे हवा भरली तरी मधला भाग फुग्यासारखा गोल न होता सपाट राहतो. त्यात 12 ते 15 पीएसआय दाब भरतात, म्हणजे मोटारीच्या चाकातील दाबाच्या निम्म्याच्या आसपास. दाब कमी राहिला तर फळी माणसाच्या पायाखाली मध्यभागी वाकते, टोके वर येतात आणि नवशिक्याला वाटते की आपल्यालाच तोल साधत नाही. उन्हात किनाऱ्यावर ठेवलेल्या फुगीर फळीतील हवा तापून दाब वाढतो, म्हणून ती सावलीत किंवा पाण्यात ठेवावी लागते. पैठणच्या उन्हात ही सूचना विसरणे परवडत नाही.

उभे राहण्याची रीत ठरलेली आहे. मांडीभर पाण्यात फळी आणून, शेपटाखालची फिन, म्हणजे दिशा धरून ठेवणारे परासारखे पाते, तळाला टेकत नाही ना हे पाहून प्रथम गुडघ्यांवर बसतात. फळीच्या मध्यावर उचलण्यासाठी केलेली मूठ असते, तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे यावेत. तेथे फळीचा तोल असतो. गुडघ्यांवर असताना गुरुत्वमध्य खाली राहतो, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे याच स्थितीत वल्हवण्यात जातात, आणि वारा उठला किंवा मोठी होडी जवळून गेली की अनुभवी माणूसही याच स्थितीला परततो. मग वल्हे आडवे फळीवर ठेवून, एकेक पाऊल गुडघ्यांच्या जागी आणून, सावकाश उभे राहायचे: पावले खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर आणि समांतर, गुडघे किंचित वाकलेले, नजर क्षितिजाकडे. नजर पायांकडे गेली की डोळ्यांना हलती फळी दिसते आणि मेंदू तिच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देऊ लागतो. दूरच्या स्थिर रेषेकडे पाहिले की घोटे आणि पोटऱ्या आपले काम निमूटपणे करतात. या वेळी पाय थरथरतात त्यात भीतीचा भाग थोडा असतो. ती लहान स्नायूंची अनोळखी मेहनत असते आणि अर्ध्या तासात ती बरीचशी निवते.

वल्ह्याबाबत एक चूक इतकी सर्रास होते की ती सविस्तर सांगणे योग्य ठरेल. वल्ह्याचे पाते दांड्याच्या सरळ रेषेत नसून काही अंशांनी वाकवलेले असते, आणि हा बाक पुढच्या बाजूला, फळीच्या नाकाकडे ठेवायचा असतो. फावड्याची किंवा चमच्याची सवय असलेला हात नेमके उलटे करतो, कारण पाणी ‘भरून’ मागे टाकायचे आहे असे त्याला वाटते. पण फटका पायांच्या पुढे सुरू होऊन पायांशी संपायचा असतो, आणि दांडा मागे झुकत जाताना पाते उभे राहावे यासाठी तो बाक दिलेला असतो. उलटे धरलेले पाते फटक्याच्या शेवटी पाणी वर उचलते, फळीचे शेपूट दाबते आणि जोर वाया घालवते. वल्ह्याची लांबी माणसाच्या उंचीहून वीतभर अधिक असावी. वरचा हात दांड्याच्या टोकावरील मुठीवर आणि खालचा दांड्यावर. एकाच बाजूने वल्हवत राहिले तर फळी दुसऱ्या बाजूला वळते, म्हणून चार-पाच फटक्यांनी बाजू बदलतात. मुद्दाम वळायचे असेल तर पाते नाकाजवळ पाण्यात घालून शेपटापर्यंत रुंद कमानीत फिरवतात.

पडणे हा शिकण्याचाच भाग असतो आणि चांगल्या सहलीत ते आधी शिकवले जाते. फळीवर आदळू नये म्हणून तिच्यापासून दूर, अंग पसरून पडायचे, सूर मारायचा नाही. पाणी किती उथळ आहे हे वरून कळत नाही. घोट्याला किंवा पोटरीला बांधलेल्या लवचिक दोरीमुळे, जिला लीश म्हणतात, फळी हाताशी राहते. पोहणाऱ्याला फळी वाऱ्याने वाहत जाताना गाठता येत नाही, त्यामुळे उघड्या जलाशयात ही दोरी लाइफ जॅकेटइतकीच मोलाची आहे. परत चढताना पाय फळीखाली लोंबकळू दिले की हातांनी कितीही ओढले तरी अंग वर येत नाही. पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून झपाझप हलवायचे आणि मधली मूठ धरून छाती फळीवर सरकवायची. लाइफ जॅकेट पट्टीच्या पोहणाऱ्यानेही घालावे, कारण दमलेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूस आपले पोहणे विसरतो.

आता वाऱ्याकडे वळले पाहिजे, कारण सारा विषय तेथे येऊन मिळतो. वारा पाण्यावरून अडथळ्याविना जितके अंतर धावतो, त्या अंतरावर लाटेची उंची अवलंबून असते. ताशी 20 किलोमीटरचा वारा अर्धा किलोमीटर पाण्यावरून आला तर लाटांच्या अंदाजाच्या रूढ सूत्राप्रमाणे पाच-सहा सेंटिमीटरच्या लहरी उठतात. तोच वारा वीस किलोमीटर पाण्यावरून काही तास वाहत आला तर लाट 40 सेंटिमीटरच्या आसपास पोचते. पहिल्या पाण्यावर नवशिक्या उभा राहू शकतो, दुसऱ्यावर नाही. पावसाळ्यात नाथसागरावर वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो आणि फुगवट्याची लांबीही त्याच दिशेला असल्यामुळे सगळ्या धावेचा जोर घेऊन लाटा पैठणच्या बाजूच्या दगडी पिचिंगवर येऊन आपटतात. त्या दिवसांत हे पाणी तलाव म्हणून मोजूच नये.

वाऱ्याचा दुसरा परिणाम थेट माणसावर होतो. उभे शरीर शिडाचे काम करते, आणि वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात तो सव्वा किलो वजनाच्या आसपास असतो, वेग दुप्पट झाला की चौपट. सव्वा किलो ऐकायला किरकोळ आहे, पण तो क्षणभरही थांबत नाही आणि नवशिक्याचे हात थांबतात. म्हणून ताशी 15 किलोमीटरच्या पुढे वारा असेल तर नवशिक्यांना पाण्यात उतरवत नाहीत. हे ओळखायला यंत्र लागतेच असे नाही. मंदिरावरची पताका सतत फडफडू लागली किंवा मोकळ्या पाण्यावर कुठेकुठे पांढरे फेस दिसू लागले की मर्यादा आली असे समजावे.

हिवाळ्यात चित्र पालटते आणि फसवेही होते. पावसाळा सरल्यावर या भागात वारा बहुधा पूर्व आणि ईशान्येकडून, पुष्कळ मंद असा वाहतो. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन तळाशी बसते आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. तापमानाच्या या विपरीततेमुळे वरचा वारा खाली उतरत नाही आणि पहाटे पाणी आरशासारखे होते. सूर्य वर आला, जमीन तापली की थर मिसळतात आणि नऊ-दहाच्या सुमारास वारा पाण्यावर उतरतो. आता पैठणच्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करावा. वारा त्याच्या पाठीमागून, जमिनीवरून येत असल्याने काठालगतचे पाणी गुळगुळीत दिसते, फळी विनासायास पुढे सरकते आणि आपल्याला हे छान जमते आहे असा समज होतो. तो काठापासून जितका दूर जातो तितकी वाऱ्याची धाव वाढते, लहरी मोठ्या होतात, आणि परतण्यासाठी वळल्यावर प्रथमच कळते की आतापर्यंत वल्ह्याने नव्हे, वाऱ्याने नेले होते. समोर पश्चिमेला कित्येक किलोमीटर मोकळे पाणी असते. जलाशयावरील फळीच्या सहलीत सर्वांत धोक्याची स्थिती हीच, आणि ती ऐन ‘शांत’ दिसणाऱ्या सकाळी उद्भवते.

मार्गदर्शकाची खरी किंमत त्यामुळे तोल शिकवण्यात कमी आणि मार्ग आखण्यात अधिक असते. तो सुरुवात वाऱ्याविरुद्ध करतो, म्हणजे दमल्यानंतरचा परतीचा प्रवास वाऱ्यासोबत होतो. काठाला समांतर, पोहून गाठता येईल एवढ्याच अंतरावरून गट नेतो. आणि परतायची वेळ गटाच्या उत्साहावर न सोपवता घड्याळावर ठरवतो. कुणी थकलेच तर त्याला फळीवर पालथे झोपवून हातांनी पाणी मारायला लावतो, कारण आडव्या शरीराला वारा फारसा पकडत नाही, किंवा दोरीने ओढून आणतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान येथे 10-12 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, तेव्हा भिजलेले सुती कपडे अंगातील ऊब शोषून घेतात. त्याऐवजी लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे घालायला सांगणे हेही त्याचेच काम. महाराष्ट्र शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जीवरक्षक व प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम चालवते. सहल निवडताना या दोन गोष्टींची चौकशी करणे छायाचित्रे पाहण्यापेक्षा उपयोगाचे.

नाथसागराच्या पोटात काय आहे हेही त्याला ठाऊक असावे लागते. धरणामुळे शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली, आणि पातळी उतरली की त्यांतील काहींच्या भिंती, विहिरींचे कठडे आणि वाळलेल्या बाभळींचे बुंधे पृष्ठभागाच्या जवळ येतात. नाशिक-नगरकडच्या पावसावर आणि वरच्या धरणांतून येणाऱ्या विसर्गावर पातळी अवलंबून असल्याने गतवर्षीची सुरक्षित वाट यंदा सुरक्षित असेलच असे नाही. उन्हाळ्यात पाणी मागे हटते आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. पिके काढल्यानंतरचा तो काठ वरून कोरडा दिसतो आणि आत गुडघाभर चिखल असतो. मासेमारांची जाळी बाटल्यांच्या किंवा थर्माकोलच्या तरंड्यांवरून ओळखता येतात. फिन त्यांत अडकली तर माणूस पडतो आणि जाळेही फाटते, म्हणजे एखाद्या घराची कमाई बुडते. धरणाची भिंत, सांडव्याचे दरवाजे आणि कालव्यांची मुखे यांच्या जवळपास जाण्याचा तर प्रश्नच येत नाही, कारण तेथील ओढ वरून दिसत नाही. धरणाखालचे गोदापात्र आणि आपेगाव, हिरडपुरी येथील बंधाऱ्यांचे तुंबलेले पाणी रुंदीने लहान, म्हणून वाऱ्याच्या दृष्टीने बरे. पण ते धरणाच्या विसर्गावर जगते. ऑगस्ट 2006 मध्ये याच विसर्गाने पैठणच्या सखल वस्तीत पाणी घातले होते. तेथे उतरायचे तर विसर्गाची त्या दिवशीची खबर पाटबंधारे कार्यालयातून घेतल्याशिवाय उतरू नये.

शेवटचा मुद्दा कायद्याचा आहे आणि कायद्याहून थोडा मोठाही. नाथसागर 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे 341 चौरस किलोमीटर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात पर्यटनासाठी जायला परवाना लागतो, आणि जलाशय जलसंपदा विभागाचा असल्याने त्यांची संमती वेगळी. या पृष्ठभागावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत: येथे प्रस्तावित असलेल्या तरंगत्या सौर प्रकल्पाविरुद्ध कहार समाजाच्या समितीने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये फेटाळली, त्यावरून या पाण्यावरची ओढाताण कळावी. पक्ष्यांची अडचण मात्र नेमकी वेळेची आहे. पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे उत्तरेकडून येणारे पाहुणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येथे असतात; सोनेवाडीसारख्या उथळ काठांवर ते सकाळी चरतात आणि रोहित पक्षीही अशाच चिखलट उथळ पाण्यावर उतरतात. फळीला हवे असलेले पाणी तेच, महिने तेच आणि तासही तेच. फळीला इंजिन नाही, आवाज नाही, म्हणून तिचा उपद्रव नाही असा युक्तिवाद केला जातो. पण पाण्यावर उभी, हात हलवणारी मानवी आकृती पक्ष्यांना दुरून दिसते, आणि उडालेल्या थव्याची खर्ची पडलेली शक्ती त्याला पुन्हा चरूनच भरून काढावी लागते.

परवानगी मिळालीच तर ऑक्टोबर हा त्यातल्या त्यात रास्त महिना: पाऊस सरलेला, जलाशय बहुधा भरलेला, बुडित बुंधे खोल गेलेले आणि पक्ष्यांचे मोठे थवे अजून यायचे असलेले. तोल, पडणे आणि चढणे यांचे पहिले धडे मात्र अभयारण्याबाहेरच्या, दोन्ही काठ नजरेच्या टप्प्यात असलेल्या लहानशा तलावात घेतलेले बरे. त्यासाठी 341 चौरस किलोमीटर पाण्याची काहीच गरज नसते. एका तलावातून दुसऱ्या पाण्यात फळी नेताना ती, फिन आणि लीश धुऊन पूर्ण वाळवावीत, कारण जलपर्णीचा एखादा कोंब ओल्या खाचेत तग धरून राहिला तरी तेवढ्यानेही नव्या पाण्यात तिचा शिरकाव होऊ शकतो.